डोळे भरायचे दिवस

त्या वर्षी कोरडा वारा तीन आठवडे आधीच सुटला. पावसाचे दिवस सरतात न सरतात तोच तो वाहायला लागला आणि नर्सरीच्या मालकाच्या कपाळाला आठी पडली ती पडलीच. संत्र्याच्या खुंटाची साल ओली असते तोवरच तिच्यात डोळा, म्हणजे चांगल्या झाडाचा कोंब, भरून कलम करता येतं. वाऱ्याने साल एकदा आत चिकटून बसली की सुरीने खरवडली तरी सुटत नाही. मग हात चोळत पुढच्या वर्षाची वाट बघायची.

काळ्या पिशव्यांमधून नव्वद हजार खुंट उभे होते, पेन्सिलीच्या जाडीचे, काटेरी, रानटी जातीचे. आणि डोळे भरणाऱ्या बायका चार. त्यांतली पहिली, म्हणजे आसपासच्या सगळ्या नर्सऱ्यांमध्ये पहिली, होती डोळेवाली. चांगल्या झाडाच्या काडीवरून ती एका झटक्यात डोळा उतरवायची, नखाएवढ्या सालीसकट. खुंटावर आडवी चीर, खाली उभी चीर, सालीचे दोन पदर उचलायचे, डोळा आत सरकवायचा, वरून पट्टी. एवढं सगळं होईपर्यंत शेजारणीचा खोकलाही पुरा होत नसे. शंभर भरले तर पंच्याण्णव जगायचे. तिचं खरं नाव हॉस्पिटलच्या फायलीवर होतं. बाकी कुठे कुणी ते घेत नव्हतं.

हॉस्पिटलची फाईल तयार झाली ती गेल्या उन्हाळ्यात. आतड्यात गाठ निघाली आणि तिथून ती लिव्हरपर्यंत पोचलेली. डॉक्टरीणबाई तरुण होती, पण तोंडावर खोटं बोलणारी नव्हती. "बरं करू असं मी म्हणणार नाही. लांबवू," ती म्हणाली.

नवरा खुर्चीत गोठून बसला होता. डोळेवालीने विचारलं, "काम केलं तर चालेल ना?"

"जमेल तेवढं करा."

हे "जमेल तेवढं" डोळेवालीने रबरासारखं ताणलं. दर दोन आठवड्यांनी ती शहरात जाई, दिवसभर सलाईनखाली पडे आणि गळ्यात एक लहानसा पंप घेऊन परत येई. पिशवीतला तो पंप दोन दिवस थेंबथेंब औषध छातीत सोडत राही.

नवरा धंद्याने पंपवालाच. विहिरींवरच्या मोटारी, इंजिनं, पाइप असली कामं करायचा. पहिल्यांदा तो छोटा पंप बघून त्याने नर्सला विचारलं होतं, "हा बिघडला तर उघडायचा कुठून?"

"उघडायचा नाही, काका. फोन करायचा."

"अहो, घरात पंपवाला असताना पंपासाठी फोन?" डोळेवाली म्हणाली होती, आणि नर्स हसून हसून लाल झाली होती. त्या दिवशी सगळ्या वॉर्डात तेवढंच एक हसणं झालं.

डोळे भरायचे दिवस आले तोवर सहा डोस झाले होते. केस पातळ झाले होते, गेले नव्हते. अंगातलं मांस मात्र ओसरलं होतं. स्वेटर खुंटीवर टांगल्यासारखा दिसे. आणि गार गोष्टीला हात लावला की बोटांत टाचण्या भरत. औषधाचाच तो गुण होता. गार पाणी प्यायली तर घसा आवळून यायचा. सकाळच्या थंडीत सुरी हातात धरली की ती "स्स" करून सोडून द्यायची.

पंपवाल्याने त्यावर उपाय काढला. तिची सुरी तो शर्टाच्या आत, काखेजवळ ठेवून नर्सरीत जाई आणि तिथे पोचल्यावर गरम गरम तिच्या हातात देई.

"घामाचा वास येतो," ती म्हणे.

"झाडाला नाक नसतं."

दुकान त्याने सकाळच्या वेळी बंदच ठेवलं. नर्सरीचा पंप त्याच्याकडेच होता. उजाडता उजाडता जाऊन पाणी सोडायचं, मग घरी येऊन तिला सायकलवर बसवून न्यायचं. आता तो तिच्याशेजारी लाकडी खोक्यावर बसून पट्ट्याही बांधू लागला. डोळा ती भरणार, बांधणार तो. त्याची बोटं पान्यांना सरावलेली, काटकोनी. पारदर्शक प्लॅस्टिकची ती पट्टी त्याच्या हातात तुटायची, चिकटायची, भलतीकडे जायची.

"खालून वर गुंडाळा. पाणी आत जाईल नाहीतर."

"खालूनच तर गुंडाळतोय."

"ती गाठ कसली मारलीत? फुटलेला पाइप आवळताय का?"

"सुटायला नको म्हणून दोनदा मारली."

शेजारच्या वाफ्यावरची बुटकी तोंड फिरवून हसे. ही बुटकी डोळेवालीच्या हाताखाली तयार झालेली. नवऱ्याने टाकलेली, पदरी एक लहान मुलगी. पाच वर्षांपूर्वी पिशव्यांत माती भरायला आली होती, डोळेवालीने तिच्या हातात सुरी दिली. आता तिचे शंभरात नव्वद जगत. "बाई, मी बांधून देऊ का तुमचे?" तिने दोनदा विचारलं.

"तुझे तू बघ. तुझा वाफा मागे पडेल."

पूर्वी डोळेवाली दिवसाला सहाशे भरायची. आता अडीचशे झाले तरी दुपारी तिचा चेहरा राखेसारखा व्हायचा. मालक रांगांमधून फेरी मारताना तिच्यापाशी रेंगाळे. माणूस वाईट नव्हता. पण वारा वाहत होता आणि त्याने साठ हजार रोपं द्यायचा शब्द देऊन ठेवला होता. "जपून हं, वहिनी," एवढं म्हणून तो पुढे जाई आणि लांबून मागे वळून बघे. त्या बघण्याने पंपवाल्याच्या मानेवर काटा येई.

त्यातच त्याची थोरली बहीण राहायला आली. अक्का म्हणजे मनात आलं की ओठावर. आल्या दिवशी तिने भावाला मागच्या दारी गाठलं. "तुला लाज नाही का रे? मरायला टेकलेली बाई, आणि तू तिला सायकलवर घालून कामाला नेतोस?"

"मी नेत नाही, अक्का. ती जाते. मी फक्त सायकल चालवतो."

"बाजारात काय बोलतात ठाऊक आहे? बायकोच्या जिवावर जगतो म्हणतात."

त्याला ठाऊक होतं. चहाच्या टपरीवर तो गेला की बोलणं थांबायचं आणि कुणीतरी उगाच हवापाण्याचा विषय काढायचं. एकदा एका म्हाताऱ्याने सगळ्यांदेखत विचारलं, "काय पंपवाले, बायकोला सुट्टी नाही का?" तो चहा अर्धा टाकून उठला होता. सांगणार काय? घरात बसवली की ती भिंतीकडे तोंड करून पडते, पेजेचा घोट घेत नाही. आणि वाफ्यावर बसली की दुपारी स्वतःहून डबा उघडते, हे कुणाला पटवत बसायचं?

सातव्या डोसनंतरची गोष्ट. सकाळची वेळ होती. तो पट्टी गुंडाळत होता आणि पट्टीखाली त्याला लाल दिसलं. आधी वाटलं काडीचा रंग. मग त्याने तिच्या हाताकडे बघितलं. डाव्या अंगठ्याला चांगली अर्धं बोट चीर गेली होती, रक्त मनगटापर्यंत ओघळलं होतं, आणि ती निवांत पुढचा डोळा उतरवत होती.

"अगं, हात!"

तिने खाली बघितलं. जणू तो हात दुसऱ्या कुणाचा होता. मग झटकन तो स्वेटरात लपवला आणि पहिल्यांदा मागे बघितलं, मालक कुठे आहे ते.

"कळलं नाही तुला?"

"हळू बोला."

"कधीपासून?"

"थोडं बधिर झालंय. शेंडेच तेवढे." तिने त्याच्याच रुमालाने अंगठा बांधून घेतला. "डॉक्टरीणबाईंना सांगायचं नाही. शपथ आहे तुम्हाला माझी."

सांगितलं तर ते काम बंद करायला लावतील, म्हणून ही लपवते, असं त्याने मनाशी धरलं. काम तिचा जीव होता. शपथ घातली तर घातली, तो गप्प राहिला. पण त्या दिवसापासून त्याचं लक्ष तिच्या बोटांवरून हलेना. डोळा उतरवल्यावर आतल्या ओल्या बाजूला बोट लागू द्यायचं नसतं. तिचं लागत होतं. साल उचलताना सुरीचं टोक लाकडात रुतत होतं. तिला ते समजत नव्हतं, कारण जे बोटांना समजायचं ते बोटांना समजेनासं झालं होतं.

भरल्यापासून एकविसाव्या दिवशी पट्ट्या सोडायच्या असत. अठराव्या दिवशी पाणी सोडायला तो एकटाच नर्सरीत गेला. पंप चालू केला आणि तिच्या पहिल्या वाफ्यापाशी उकिडवा बसला. पारदर्शक पट्टीतून आतलं दिसत होतं. हिरवा डोळा जगलेला, तपकिरी मेलेला. त्याने एकेक पिशवी वळवून बघितली. तपकिरी. तपकिरी. हिरवा. तपकिरी. तीनशे पिशव्यांच्या वाफ्यात निम्मेसुद्धा हिरवे नव्हते.

शेजारचा वाफा बुटकीचा. तिकडे नुसता हिरवा.

पुढे जे त्याने केलं ते कधी ठरवलं हे त्याला नंतरही सांगता आलं नाही. हातगाडी भिंतीला टेकलेली होती. त्याने तिच्या वाफ्यातल्या वीस मेलेल्या पिशव्या उचलल्या, बुटकीच्या वाफ्यात नेऊन ठेवल्या आणि तिथल्या वीस हिरव्या इकडे आणल्या. मग आणखी वीस. पाणी वाफ्यांतून शिरशिरत होतं, कुणी यायला अजून अवकाश होता. दुसऱ्या दिवशी आणखी, तिसऱ्या दिवशी उरलेल्या. एकूण दीडशे पिशव्या त्याने इकडच्या तिकडे केल्या. बुटकीचा विचार मनात आला नाही असं नाही. आला. तिला आणखी तीस वर्षं आहेत, त्याने स्वतःला सांगितलं. एक वाफा गेला तर काय जातंय तिचं?

एकविसाव्या दिवशी मालक स्वतः उभा राहिला. डोळेवालीच्या पट्ट्या दुसऱ्या बायकांनी सोडल्या. तिच्या बोटांना पट्टीचं टोक सापडत नव्हतं, म्हणून तिने "वाकलं की पोट ओढतं" असं सांगून वेळ मारून नेली. हिरवा, हिरवा, हिरवा. मालकाची आठी जरा सैल झाली.

"वहिनी, हात तो हातच तुमचा. मी उगाच काळजी करत होतो."

डोळेवाली एका रोपापुढे बराच वेळ उभी राहिली, आणि त्या संध्याकाळी तिने घरी दोनदा भात मागून घेतला. अक्कासुद्धा चकित झाली. जेवताना डोळेवाली नवऱ्याला म्हणाली, "मला वाटलं होतं, गेले सगळे. तुम्हाला सांगितलं नाही, पण वाटलं होतं." सांगून टाकावं असं त्याच्या मनात आलं. पण तिच्या गालांवर कितीतरी दिवसांनी रंग दिसत होता. तो रंग बघून त्याने भाताचं भांडं तिच्यापुढे सरकवलं.

दुसऱ्या दिवशी बुटकीचा वाफा उघडला.

पहिल्या पन्नासात तीस मेलेले निघाले. मालकाने एक रोप उचलून बघितलं, दुसरं बघितलं, मग तिसरं बुटकीच्या पायाशी आपटलं. पिशवी फुटून माती तिच्या पावलांवर उडाली. "लक्ष कुठे असतं गं तुझं? तिकडे आजारी बाईचे नव्वद जगतात आणि तुला धडधाकट असून जमत नाही? ही साल काय तुझ्यासाठी थांबणार आहे?"

"मालक, मी नीट भरले होते. खरंच. बाईंना विचारा..."

"उद्यापासून माती भर. सुरी ठेव खाली."

बुटकीने सुरी खाली ठेवली. रडली नाही, खाली बसून फुटलेल्या पिशवीतली माती ओंजळीने गोळा करू लागली. सगळ्या बायका खाली मान घालून आपापलं काम करत राहिल्या. पंपवाला खोक्यावर बसला होता. हातातली पट्टी त्याने इतकी ताणली की ती तुटली.

डोळेवाली उठली. एक हात पोटावर ठेवून हळूहळू बुटकीच्या वाफ्यापाशी गेली. अजून न सोडलेल्या पिशव्यांपुढे ती वाकली. एक वळवून बघितली. दुसरी बघितली. प्रत्येकीवर पट्टी वरून खाली गुंडाळलेली होती आणि कडेला जाडजूड दुहेरी गाठ होती.

ती तिथूनच मागे वळली आणि नवऱ्याकडे बघितलं. बघितलं एवढंच. त्याला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं.

"मला घरी न्या," ती म्हणाली.

घरी अक्का अंगणात कपडे वाळत घालत होती. डोळेवालीने आत जाऊन कॉटवर बसून घेतलं. तो दारातच उभा राहिला.

"किती बदलल्या?"

"दीडशे."

"म्हणजे माझे किती जगले?"

तो उंबऱ्याकडे बघत राहिला.

"बोला ना. पिशव्या मोजता आल्या, हे सांगता येत नाही?"

"चाळीस. शंभरात."

तिने डोळे मिटले. मग ती म्हणाली, "मला काल भात गोड लागला हो. कुणाचा घास काढून घातलात मला? ती पोर मी हाताला धरून आणलीय. तिच्या पाठीशी कोण आहे? नवरा? भाऊ? ती सुरी आहे तिच्या पाठीशी. माझी लाज झाकायला तिला उघडं पाडलंत."

"तुझ्यासाठीच केलं ना. तू खचली असतीस."

"मग खचले असते! खचायचाही हक्क नाही का मला?" तिचा आवाज चिरका झाला. अक्का दारात आली तशी तिला म्हणाली, "अक्का, तुम्ही बाहेर थांबा. हे आमचं आहे."

अक्का पहिल्यांदाच काही न बोलता बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोळेवाली मालकाच्या खोलीपुढे उभी राहिली. बुटकीला तिने माती भरायच्या जागेवरून बोलावून घेतलं होतं. नवऱ्याला म्हणाली, "सांगा."

त्याने सांगितलं. इंजिन उघडून बिघाड दाखवावा तसं, एकेक करून. कोणत्या दिवशी, किती पिशव्या, कुठून कुठे. बोलताना तो मालकाच्या टेबलावरल्या कात्रीकडे बघत होता. मालक ऐकत राहिला आणि त्याचं तोंड हळूहळू उघडं पडलं.

"माझ्या पंपाची किल्ली तुझ्याकडे, आणि तू..."

"किल्ली ही घ्या," पंपवाला म्हणाला आणि ती टेबलावर ठेवली.

"त्यातले मेलेले माझे," डोळेवाली म्हणाली. "जगलेले हिचे. माझी बोटं गेली, मालक. मलाच ते मानायचं नव्हतं, आणि माझं झाकायला यांनी हे केलं. सुरी हिला परत द्या. आणि सगळ्यांसमोर द्या. काल सगळ्यांसमोरच घेतली होती."

मालकाने खोकून घसा साफ केला. बाहेर जाऊन त्याने बुटकीच्या हातात सुरी दिली, सगळ्या बायकांदेखत. माफी वगैरे त्याला जमली नाही. "जा, वाफा कोरडा पडतोय," एवढं म्हणाला. बुटकी जाता जाता पंपवाल्यापाशी थांबली. तो मान वर करेना.

"दादा, मला एकदा म्हणाला असतात," ती म्हणाली. "बाईंसाठी मीच दिल्या असत्या पिशव्या. हातानं आणून ठेवल्या असत्या."

यापेक्षा तिने थोबाडीत मारली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

डोळेवाली घरी बसेल असं मालकाला वाटलं होतं. ती बसली नाही. बोटं गेली होती, नजर गेली नव्हती. कुठली काडी घ्यायची, कुठली फेकायची, कुठला डोळा पिकलाय, कुठला कोवळा आहे, हे ती काडी उन्हात धरून सांगे. बुटकी आणि इतर दोघी भरत, ही काड्या निवडून पुढे सरकवी. पंपाची किल्ली मालकाने दुसऱ्या कुणाला दिली. तो माणूस पाणी उशिरा सोडी, वाफ्यांचे कोपरे कोरडे राहत. पंपवाल्याला ते दिसे, पण बोलायला तोंड उरलं नव्हतं. तो तिला सोडून दुकानावर जाई आणि दुपारी न्यायला येई. घरात ती त्याच्याशी कामापुरतं बोले. पाणी द्या. चादर द्या. स्वेटरची बटणं तिला लावता येत नसत. ती अक्काला हाक मारी, त्याला नाही.

वारा काही थांबला नाही. आणखी बारा दिवसांनी साल चिकटली. साठ हजारांचा शब्द होता, भरले गेले पन्नास हजार आणि काही. मालकाने गिऱ्हाइकाचे हातपाय जोडले. हंगाम संपला.

दहाव्या डोसची तारीख आली. शहरात जायच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली, तो शेजारी, मधे फाईल. खोलीत डॉक्टरीणबाईने नेहमीचे प्रश्न विचारले. उलट्या? झोप? हातापायांना मुंग्या, बधिरपणा?

"नाही," डोळेवाली म्हणाली. "थोडंसंच."

पंपवाल्याने फाईल गच्च धरली. शपथ होती. पण लपवण्याने काय होतं हे त्याने याच महिन्यात पुरेपूर बघितलं होतं.

"तिला बोटांना काही कळत नाही, डॉक्टर," तो म्हणाला. "अंगठा कापला तरी कळलं नाही. दीड महिना झाला. बटण लागत नाही. चालताना पाय कुठे पडतो ते खाली बघून चालते."

डोळेवालीने त्याच्याकडे वळून बघितलं. त्या नजरेत राग होता, आणि रागाखाली जे होतं ते जास्त भयंकर होतं. डॉक्टरीणबाईने पेन खाली ठेवलं. तिने एक टाचणी घेऊन बोटांचे शेंडे तपासले. टोचू का? टोचलं. आता? डोळेवाली डोळे मिटून बसली होती आणि प्रत्येक वेळी चुकत होती.

"हे आधी सांगायला हवं होतं. त्या एका औषधाने होतंय हे. आता ते बंद करू. नाहीतर बोटं कायमची जातील. बाकीची दोन चालू ठेवू."

"बघ," तो बायकोला घाईघाईने म्हणाला, "बोटं परत येतील. पुढच्या वर्षी सुरी धरशील."

"आणि ते बंद केल्यावर गाठी?" डोळेवालीने विचारलं. नवऱ्याला नाही, डॉक्टरीणबाईला.

"फरक पडू शकतो. किती, ते मला सांगता येणार नाही."

"मग बंद करू नका."

पंपवाल्याला ऐकू आलं ते समजायला वेळ लागला. "अगं, पण तुझं काम..."

"कामासाठी लपवलं होतं असं वाटलं का तुम्हाला?" ती आता सरळ त्याच्याकडे बघत होती. "काम गेलं असतं तर रडले असते, उठले असते. हे औषध बंद करतील म्हणून सांगत नव्हते. मला राहायचंय हो. हात नसले तरी चालतील. चार महिने जास्त मिळाले तर मला ते हवेत. घरात. तुमच्याशी भांडत." ती खुर्चीत पुढे सरकली. "एवढी वर्षं झाली, एवढंसुद्धा कळत नाही माणसाला?"

दीड महिना तो तिच्या हातांकडे बघत होता. त्या हातांसाठी त्याने चोरी केली होती.

डॉक्टरीणबाईने पेन पुन्हा उचललं. मग म्हणाली, "निम्म्या डोसवर आणखी दोनदा देऊन बघू. मग स्कॅन. पण कधी थांबायचं ते मी ठरवणार, आणि काही लपवायचं नाही. दोघांनीही."

"दोघांनीही," तो म्हणाला.

सलाईन संपायला दुपार टळली. पंपाची पिशवी गळ्यात अडकवून दोघं स्टँडवर आली तेव्हा गार वारा सुटला होता. बस लागलेली होती, माणसं चढत होती. डोळेवालीने स्वेटरचं वरचं बटण लावायचा प्रयत्न केला. बटण हातात होतं, भोक सापडत नव्हतं. दोनदा निसटलं. तिने आजूबाजूला बघितलं. अक्का इथे नव्हती. मग तिने हात खाली सोडले, हनुवटी जराशी वर केली आणि नवऱ्यासमोर उभी राहिली.

त्याने फाईल काखेत धरली आणि खालून सुरुवात केली. चार माणसं बघत होती. त्याची ती काटकोनी बोटं लहानशा बटणावरून घसरत होती. शेवटाला आला तेव्हा वर एक भोक उरलं. सगळी बटणं एक घर चुकली होती. कंडक्टरने घंटी दिली.

"थांबा, थांबा," तो घाबरून म्हणाला आणि पुन्हा सगळी काढू लागला.

"जाऊ दे ती," डोळेवाली म्हणाली. "मागून दुसरी येईल. नीट लावा."